मदत हवी आहे : यकृत प्रत्यारोपणानंतर अरुंद झालेली पित्तनलिका
दीड वर्षापूर्वी वडिलांचे यकृत प्रत्यारोपण झाले. धाकट्या आत्याने यकृताचा भाग दिला. या शस्त्रक्रियेत सहसा दाता व रुग्ण दोघांचेही पित्ताशय काढतात, त्यामुळे आताचा त्रास पित्ताशयाचा नसून पित्तनलिकेच्या जोडाचा आहे, हे आम्हाला (खरे तर उशिराच) उमगले. डोळे पिवळे झाले आहेत आणि खाज इतकी सुटते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. ईआरसीपी करून (तोंडावाटे दुर्बीण घालून) पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट, दोनदा बदलला, तरी ताप उलटतो. आता डॉक्टर पित्तनलिका थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवत आहेत. ज्यांच्या घरी ती झाली असेल, त्यांनी कृपया सांगावे, स्टेंट बदलत किती काळ थांबलात, आणि नंतर टॅक्रोलिमसची (शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) मात्रा सांभाळताना कोणत्या अडचणी आल्या?