समुद्राकडून आणलेल्या सेकंडहँड बोटीचं बूड धरणावर घासू का नको?

पवनीकडचा_नावाडी
राम राम जी सगळ्यायले. आमी चौघांनी मिळून रायगडाकडून एक सेकंडहँड फायबर बोट घेतली, 18 फुटी, ट्रकवर लादून आणली, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमंदी पर्यटकायले फिरवाचा विचार आहे. बोट उलटी केली तं बुडाले जाड लाल रंग आन त्याच्यावर वाळलेले पांढरे टणक शिंपले, काही जागी तं एकावर एक थर. आमी म्हटलं घाटावर नेऊ, ग्राइंडर मारू, बाथरूमचं अ‍ॅसिड टाकून धुऊन काढू, एका दिवसाचं काम. तं मच्छीमार सोसायटीच्या काकायनं अडवलं. म्हणे हा समुद्राचा रंग विषारी असते, आमी आत्ताच बोटुकली (मासोळीची पिल्लं) सोडली, आन तुमी हे धुवन पाण्यात सोडता काय. एका ऑफिसात विचारलं तं म्हणे असा काही नियमच नाही, दुसऱ्या ऑफिसात म्हणे परवानगी आणा, पण कशाची ते काही सांगेना. दिवाळीच्या आत बोट पाण्यात पायजे, कर्जाचा हप्ता सुरू झाला. काकायचं मन मोडाचं नाही, त्यायच्याच भरोशावर धंदा कराचा आहे. कोणाले खरं माहीत असन तं सांगा, नियम काय आन काम कसं करू?

जहाजावरचा_भंडारेकर
भाऊ, आधी ग्राइंडर बाजूला ठेव. मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत फिटर होतो, ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज कोरड्यात घेऊन दुरुस्त करतात तिथं, हेच काम बघितलं आहे. तो लाल रंग बहुतेक अँटीफाउलिंग आहे आणि त्यात तांब्याचं संयुग असतं. ते हळूहळू पाण्यात सुटत राहतं म्हणून शिंपल्यांची पिल्लं बुडाला धरत नाहीत, म्हणजे त्या रंगाचं कामच मुळात विष सोडणं हे आहे. तुझ्याकडे संत्र्याला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारतात ना, त्यातलं मोरचूद तळ्यात पडलं तर मासोळीचं काय होते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तेच तांबं इथं रंगात आहे. वरून ग्राइंडर मारला की जे चार-पाच वर्षांत सुटलं असतं त्याचा एका दिवसात भुगा होतो, तुझ्या छातीतही जातो आणि पाण्यातही.

बोट फार जुनी असेल तर अजून एक भीती. आधी टीबीटी म्हणून कथिलाचं संयुग या रंगात घालत. फ्रान्समध्ये आर्काशों नावाची खाडी आहे, तिथं कालवांची शेती होते, सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या कालवांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली आणि धंदा बसला, शोधलं तर कारण निघालं बोटींचा रंग. फ्रान्सनं 1982 मध्ये लहान बोटींवर तो बंद केला, जगभराच्या जहाजांसाठी करार 2001 मध्ये झाला आणि लागू व्हायला 2008 उजाडलं. जुन्या बोटीत वरच्या थराखाली तो अजूनही असू शकतो, म्हणून कोरडं घासू नको. पाणी शिंपडून ओलं ठेव आणि हाताच्या पात्यानं खरवड.

डोंगावाला_साकोली
भाऊ मी सोसायटीचाच माणूस हाय, काकायनं अडवलं ते बरोबरच केलं, पण माही एक गोष्ट आयका. नाग नदीचं घाण पाणी कन्हानमधून वैनगंगेत येते आन धरणात साचते हे पेपरात किती वर्षं येऊन रायलं, मासोळी कमी झाली, झिंगे कमी झाले, इकॉर्निया (जलपर्णी) एवढी माजते का जाळं टाकाले जागा नसते. ते काही थांबत नाही आन चार पोट्टे कर्ज काढून बोट आणते तं त्यायले पयले नियम. हे मले लय लागते. तरी पण पोरांनो, घाटावर नका घासू, तुमी मोठ्या नालीकडं बोट दाखवता म्हणून लहान नाली काही साफ होत नाही.

आमचे लाकडी डोंगे आमी उन्हाळ्यात काठावर ओढतो, उलटे घालतो, वाळू देतो, शेवाळ आपसूक सुटते, नारळाच्या कवट्यांनं घासलं का झालं, मंग डांबर. पाण्यात उभं राहून कोणी घासत नाही.

पवनीकडचा_नावाडी
काका तुमचं म्हणणं पटलं. भंडारेकर भाऊ, बाहेरच्या देशात हे सगळं कसं करतात? आपल्याले क्रेन लावाची म्हटलं तं एका खेपेचे पाच हजार सांगते, बोट उचलून काठावर घ्याची, परत सोडाची, दर वेळी कुठून आणाचे?

जहाजावरचा_भंडारेकर
तिथंही लहान बोटवाले हेच रडतात रे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला शेल्टर आयलंड म्हणून बोटींचं मोठं बंदर आहे, तिथं पाण्यात तांबं इतकं वाढलं की 2005 मध्ये ठरवलं, पाण्यात जाणारं तांबं 76 टक्क्यांनी कमी करायचं. मग 1 जुलै 2018 पासून त्या राज्यात हौशी बोटींच्या रंगातून दिवसाला किती तांबं सुटावं याचीच मर्यादा घातली. पाणबुडे खाली जाऊन बूड पुसतात त्यांना मऊ कापडानं, हलक्या हातानं पुसा असं सांगतात, कारण जोरात घासलं की रंगाचा ढगच उठतो. बोटवाल्याला रंग कमी ताकदीचा मिळतो, म्हणून पुसावं जास्त वेळा लागतं, आणि खर्च सगळा त्याच्याच खिशातून. मला वाटतं त्यांची तक्रार खरी आहे, पण कालवंवाल्यांचीही खरी होती.

आता तुझ्यासाठी महत्त्वाचं. ते टणक शिंपले खाऱ्या पाण्यातले, गोड्या पाण्यात ते जगत नाहीत. तुझ्या धरणात बुडाला शेवाळ धरेल, चिकट साय धरेल, बस. म्हणजे तुला हा रंग परत मारायचाच नाही! एकदा काढ, साधा इपॉक्सी प्रायमर आणि वरून साधा टॉपकोट मार. बोट ट्रॉलीवर ठेव, ट्रॅक्टरनं संध्याकाळी वर ओढ, क्रेन लागतच नाही. शेवाळ आलं तर साध्या पाण्यानं आणि फडक्यानं, तेही काठापासून लांब. अ‍ॅसिड तर अजिबात नको.

नियम म्हणशील तर 1974 चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे, त्याच्या कलम 24 प्रमाणे विषारी वस्तू नदी-तलावात जाऊ देणं गुन्हा आहे, त्यात बोट धुण्याचं नाव नसलं तरी खरड त्यात येते. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यातही नावेच्या प्रदूषणावर वेगळं प्रकरण आहे, प्रवासी बोटीला नोंदणी आणि तपासणी लागतेच, ती करून घे.

बचतगट_ताई_लाखांदूर
भाऊ, खरडलेलं कुठं टाकाचं ते कोणीच नाही सांगितलं. आमच्या गावाले पिण्याचं पाणी वैनगंगेच्या काठच्या विहिरीवरून येते. खड्ड्यात नका पुरू.

जहाजावरचा_भंडारेकर
ताई बरोबर पकडलं, मी विसरलो. खाली जाड ताडपत्री, चारी बाजूला कडा उचललेल्या, ओली खरड गोळा करायची, झाकणाच्या ड्रममध्ये भरायची. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याची सोय आहे, गावातल्या डब्यात नाही टाकायची. मास्क लावा, कापडी रुमाल नाही, धूळ अडवणारा.

डोंगावाला_साकोली
आन अजून एक. गोसीखुर्दातून बोट काढून मामा (माजी मालगुजारी) तलावावर नेत असाल तं पंख्याले अटकलेली इकॉर्निया काठावरच सोडवा, वाळू द्या. एक तुकडा गेला का वर्षभरात तलाव हिरवा, मंग वर्षानुवर्षं उपसत बसा.

पवनीकडचा_नावाडी
सगळ्यायचे लय उपकार. आमी ठरवलं, बोट माह्या वावरात नेतो, घाटापासून एक किलोमीटर, तिथंच ताडपत्रीवर हातानं खरवडतो, चार दिवस लागले तं लागले. ट्रॉली गावातल्या वेल्डरले सांगितली. काकायले हा धागा वाचून दाखवला, ते म्हणे रविवारी मीच येतो पाहाले. कोणापाशी तीस बाय तीसची जुनी ताडपत्री असन तं सांगा, नवीन भल्ली महाग आहे.