सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मला ‘झाडापासून बनलेली’ म्हणणं प्रामाणिक आहे का?

रानवाट: पाकिटाची पारदर्शक खिडकी असो की चष्म्याची फ्रेम, ‘झाडापासून बनलेलं, प्लास्टिक नव्हे’ असं हल्ली सर्रास छापतात. सेलोफेनबद्दल मला ते मान्य आहे. तिथे लाकडाच्या लगद्याचं झँथेट (विरघळणारं तात्पुरतं संयुग) करून तो विरघळवतात, आणि आम्लाच्या कुंडात पडताच त्याचं पुन्हा सेल्युलोज होतं. ॲसिटेटचं तसं नाही. सेल्युलोजच्या साखळीला चिकटवलेले ॲसिटिल गट (ॲसेटिक आम्लातून आलेले अणूंचे छोटे पुंजके) फिल्ममध्ये तसेच राहतात. डायॲसिटेट (साखळीच्या दर कडीमागे दोन-अडीच गट) घेतलं तर वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हे गटच असतात, आणि त्यांच्यासाठी लागणारं ॲसेटिक आम्ल बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून येतं. म्हणजे झाड किती आणि खाण किती? युरोपीय संघाच्या २०१९ च्या एकल-वापर प्लास्टिकच्या नियमांतही रासायनिक बदल केलेलं सेल्युलोज प्लास्टिकमध्येच धरलं जातं. मला ते बरोबर वाटतं.

फिल्मवाला: प्लास्टिक म्हणा, माझी हरकत नाही. पण सेलोफेनला सोवळं ठरवू नका. झँथेट करायला कार्बन डायसल्फाइड लागतो. त्याने कामगारांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचा इतिहास मोठा आहे. शिवाय साधं सेलोफेन पाण्याची वाफ अडवत नाही. ड्यूपॉण्टने १९२७ मध्ये त्यावर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा पातळ थर दिला, तेव्हा कुठे ते ओल अडवू लागलं. मग त्या थराला कुठल्या झाडाचं म्हणायचं?

मी कास्टिंग लाइनवर (द्रावण पसरून फिल्म बनवतात तिथे) अनेक वर्षं काम केलंय. ट्रायॲसिटेट (दर कडीमागे जवळजवळ तीन गट) मिथिलीन क्लोराइड या द्रावकात, थोडं मेथॅनॉल घालून विरघळवतात. हे द्रावण, म्हणजे डोप, मधासारखा दाट असतो. तो पुन्हापुन्हा गाळायचा, कारण न विरघळलेला एक बारीक गोळा राहिला तरी फिल्ममध्ये माशाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसतो. मग बुडबुडे जाऊ द्यायचे आणि डाय नावाच्या साच्याच्या फटीतून तो आरशासारख्या पॉलिश केलेल्या स्टीलच्या पट्ट्यावर सोडायचा. द्रावक ४० अंशांनाच उकळतो, म्हणून वाळवण्याची घाई केली की पृष्ठभागावर साय धरते आणि खालची वाफ अडकून फोड येतात. फिल्म पट्ट्यावरून सोलताना अजून ओलसरच असते, पुढे रोलरवर वाळते. स्टीलवर जरा ओरखडा असेल तर तोही फिल्मवर उमटतो. एवढी निगुतीने केलेली वस्तू एका शब्दाच्या वादात निकाली काढू नये.

रानवाट: निगुतीबद्दल शंका नाही. पण द्रावकाची ती वाफ जाते कुठे? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये मिथिलीन क्लोराइडचे बहुतेक वापर बंद केले, आणि उरलेल्यांवर कामगार-संरक्षणाच्या कडक अटी घातल्या.

फिल्मवाला: ती हवा सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून जाते, द्रावक परत मिळवून पुन्हा डोपला वापरतात. ते केलं नाही तर धंदाच परवडत नाही. गळती शून्य असते असा दावा मात्र मी करणार नाही.

हेमांगी: मग द्रावक कशाला? पीईटीसारखं (बाटल्यांचं प्लास्टिक) वितळवून का नाही काढत?

फिल्मवाला: ट्रायॲसिटेट वितळायच्या तापमानालाच करपू लागतं. डायॲसिटेट किंवा ब्युटिरेट (काही गट ब्युटिरिक आम्लाचे असलेलं ॲसिटेट) प्लास्टिसायझर, म्हणजे मऊ करणारा पदार्थ, घालून वितळवता येतं, त्यांचे शीट तसे निघतात. पण एलसीडी पडद्याच्या पोलरायझरला (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा थर) फिल्म लागते ती प्रकाशाच्या ध्रुवणाला, म्हणजे त्या कंपनाच्या दिशेला, जवळजवळ न छेडणारी. वितळवून डायमधून ओढून काढलेल्या फिल्ममध्ये रेणूंच्या साखळ्या एका दिशेला ताणल्या जातात. पट्ट्यावर संथपणे वाळणाऱ्या फिल्ममध्ये तो ताण फारच कमी असतो.

जुना केमिस्ट: ‘झाड’ हा शब्द खरंतर काहीच सांगत नाही. तेच सेल्युलोज नायट्रेट करा: कोडॅकवाल्या ईस्टमनने १८८९ मध्ये त्याच्या कॅमेऱ्यासाठीच्या लवचिक फिल्मचे रोल विकायला काढले. ती फिल्म पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ऑक्सिजन तिच्या गटांतच असतो. ती शेवटी १९५१ च्या सुमारास बंद झाली आणि ‘सेफ्टी’ म्हणून ॲसिटेट सर्वत्र आलं. पण दमट, उबदार कोठारात ॲसिटेटचे गट सुटून ॲसेटिक आम्ल होतं, आणि डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. मूळ सेल्युलोज तेच, गट बदलला की स्वभाव बदलतो. म्हणून वेष्टनावर गट कोणता आणि प्रतिस्थापन (दर कडीमागे गटांची संख्या) किती, एवढंच छापा. मातीत कुजण्याचा वेगही बराचसा त्यावरच आहे: गट जितके जास्त तितका उशीर, कारण जिवाणूंना साखळी तोडण्याआधी ते गट सोडवावे लागतात.

रानवाट: हे मला पटतं. सेलोफेनला मी जरा जास्तच झुकतं माप दिलं, तेही मान्य. पण ‘झाडापासून’ एवढंच मोठ्या अक्षरांत छापून बाकीचं गाळायला माझा विरोध कायम आहे. घरी तपासायचं तर चिमट्यात धरून छोटा तुकडा जाळून पाहा, खिडकी उघडी ठेवून. लॅकर नसलेलं सेलोफेन कागदासारखं जळतं आणि वासही कागदाचाच येतो. ॲसिटेट आधी वितळतं, थेंब होऊन गळतं आणि नाकाला आंबट झोंबतं.