मदत हवी आहे: बढती देताना मूल्यांना वजन कसं द्यायचं?

आमच्या विभागात ४० जण आहेत. प्रामाणिकपणा, परस्पर आदर, मोकळा संवाद ही मूल्यं वर्षभरापूर्वी सगळ्यांनी मिळून ठरवली, वरून लादलेली नाहीत. तरीही चूक झाली की ती झाकली जाते आणि बैठकीत गप्प बसलेले लोक बाहेर आल्यावर बोलतात. मला कारण एकच दिसतं. जो आकडे गाठतो तो वर जातो, मग तो सहकाऱ्यांशी कसाही वागो. भिंतीवरचा फलक कुणी वाचत नाही, बढती कुणाला मिळाली ते मात्र सगळे बघतात. हिशेबातल्या घोटाळ्यांमुळे २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या जाहीर मूल्यांतही सचोटी होतीच.

कार्यशाळा घेतल्या. निनावी सर्वेक्षणही केलं, पण उत्तरं गुळमुळीत आली. एवढ्या लहान गटात लिहिणारा ओळखू येतो. पगारवाढीचे निकष मुख्यालय ठरवतं, ते बदलता येणार नाहीत. बढतीची शिफारस माझ्याकडे आहे. बाहेरचा सल्लागार नेमायला पैसे नाहीत.

या शिफारशीत वागणुकीला वजन द्यायचं आहे, पण त्यात मर्जीतल्यांचं फावायला नको. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर नेमकं कोणतं वर्तन नोंदवलंत, आणि ते वरिष्ठांनी नोंदवलं की सहकाऱ्यांनी?