गिनीपिगचे मागचे पाय आखडलेत, काय करू? (सोलापूर)

होटगीरोडकर
आमच्या मटकीचे मागचे पाय आखडलेत. सकाळी उठली की दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखी चालते, जरा वेळाने मोकळी होते. पिंजऱ्यातल्या उतरणीवर चढणं बंद. कोथिंबिरीची पिशवी वाजली की शिट्टी मारत पळत यायची, आता बसल्या जागेवरूनच शिट्टी मारते. इथल्या एका दवाखान्यात नेलं तर हात न लावता "वय झालंय" म्हणाले. वय झालंय ते मलापण कळतंय ओ, त्रास कमी कसा करायचा? लवकर सांगा.

केतकी_जुळे
वय किती, वजन किती, खायला काय देता, पिंजऱ्याचा तळ कसला? हे न सांगता कोण काय सांगणार?

होटगीरोडकर
सहावं वर्ष चालू आहे. खायला पेलेट, काकडी, लसूणघास. तळ जाळीचा, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. वजनाचा इथं काय संबंध?

निर्गुडी७१
माझ्या आईचे गुडघे निर्गुडीच्या तेलाने सुटले. कोमट करून रोज चोळा.

केतकी_जुळे
तेल अजिबात नको. ते अंग चाटतं, सगळं पोटात जाईल. आणि वजनाचा संबंध आहे. जड जनावराच्या गुडघ्यावर भार पडतो, आणि वजन घटायला लागलं तर दुखण्यामुळे खाणं कमी झालंय असं समजा. किचनच्या काट्यावर दर आठवड्याला करा.
खाण्यात क जीवनसत्त्व कुठंय? माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. कमी पडलं की सांधे सुजतात, दुखतात. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. काकडीत ते नावाला असतं, आणि उघडून ठेवलेल्या पेलेटमधलं आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. ढोबळी मिरचीची फोड रोज द्या, पेरूचा छोटा तुकडा अधूनमधून. पाण्यात थेंब टाकू नका, पाण्यात ते लवकर नासतं.

सातरस्ता_पेट्स
सगळंच क जीवनसत्त्वावर ढकलू नका. सहा वर्षांच्या जनावराला झिजेचा संधिवात असू शकतो, तो मिरचीने जात नाही. एक्स-रे काढा. मेलोक्सिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध देतात, पण डोस डॉक्टरच वजनावरून ठरवणार. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका.
लघवी करताना ओरडते का? लसूणघासात कॅल्शियम जास्त, मुतखडा झाला तरी अशीच कुबड काढून बसतात.

केतकी_जुळे
ढकलत नाहीये. एक्स-रेची तारीख मिळेपर्यंत मिरची देण्यात तोटा काय? होटगीरोडकर, तळवे उलटे करून बघा आधी.

होटगीरोडकर
ओरडत नाही. तळवे बघितले. डाव्या टाचेवरचे केस गेलेत, कातडी लालभडक आणि चकचकीत. उजवीकडे मधोमध काळी खपली. नखं आत वळलीत.

सातरस्ता_पेट्स
मग जाळी आजच काढा. हे जाळीवर बसून बसून होतं. पुठ्ठ्यावर टेरी टॉवेल घाला, सोलापुरात त्याला काय तोटा? ओला झाला की लगेच बदला. खपली काढू नका, जखम डॉक्टरला दाखवा.

केतकी_जुळे
टेरीच्या फाशात वळलेलं नख अडकतं. फ्लीस घाला, ते मऊ लोकरीसारखं बिनफाशाचं कापड. उतरण काढून सगळं एका मजल्यावर आणा, पाणी आणि गवत बसल्या जागी तोंडाला लागेल असं ठेवा.

मंगळवेढा_शेती
विकतचं महागडं गवत कशाला? वाळका कडबा घाला. हिरवी कोवळी ज्वारी मात्र नको, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते.

केतकी_जुळे
किराळीचं बरोबर. पण कडब्याची ताटं टणक, तोंडाला टोचतात. पानं काढून द्या फार तर.

मंगळवेढा_शेती
आमच्या मालदांडीच्या कडब्याला जनावर नाही म्हणत नाही.

पिल्लूप्रेमी
एकटी आहे म्हणून सुस्त असेल. नर आणा, पिल्लं झाली की खेळेल.

सातरस्ता_पेट्स
कृपा करून असलं काही सांगू नका. या वयात पहिलं बाळंतपण म्हणजे मादीच्या जिवावर बेततं.

होटगीरोडकर
नर आणणार नाही. जाळी काढली, जुनी फ्लीसची शाल घातली. मिरची सालासकट खाल्ली. गिनीपिग बघणारा डॉक्टर पुण्यात सापडलाय. गाडीला एसी नाही, या उन्हात न्यायची कशी?

केतकी_जुळे
पहाटे अंधारात निघा, ऊन चढायच्या आत पोचा. 28-30 अंशांच्या वर त्यांना उष्माघात होऊ शकतो. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवा, म्हणजे नको असेल तर ती बाजूला सरकेल. वाटेत गवत आणि काकडी समोर असू द्या, उपाशी नेऊ नका. आणि रोज काय देता ते कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.