विंडोज ७ चा सपोर्ट कधी बंद करावा?

प्रश्न: आमचं बिलिंग ॲप इलेक्ट्रॉन २२ (वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट) वर आहे. थोडे ग्राहक अजून विंडोज ७ वापरतात. किती टक्क्यांखाली आले की सोडायचं?

उत्तर १: नुसत्या टक्क्यांवर ठरवू नका. विंडोज ७ ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली, पैसे भरून मिळणारीही जानेवारी २०२३ मध्ये संपली. ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं इलेक्ट्रॉन २२च, आणि त्याच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या. म्हणजे या थोड्यांसाठी विंडोज १०-११ वाले सगळेच क्रोमियमच्या (इलेक्ट्रॉनच्या आतलं ब्राउझर इंजिन) न बुजवलेल्या सुरक्षा-भोकांसह बिलं करताहेत. माझ्या मते आधीच उशीर झालाय.

उत्तर २: सहमत, पण थेट नवी आवृत्ती ढकलू नका. ऑटो-अपडेटने इलेक्ट्रॉन २३ विंडोज ७ वर गेलं की ॲप उघडतच नाही, आणि अपडेटर ॲपच्या आतच असल्याने दुरुस्तीही पोचत नाही. दुकानदाराचं बिलिंग ठप्प! आधी २२ वरच एक शेवटची आवृत्ती काढा. तिच्यात os.release() (विंडोजचा आतला आवृत्ती क्रमांक देणारं फंक्शन) तपासा: ७ वर ६.१, ८.१ वर ६.३, विंडोज १०-११ वर १०.० ने सुरू होतो. दहाच्या खालच्यांना वेगळ्या अपडेट चॅनलवर (अपडेट्स मिळण्याच्या वेगळ्या वाटेवर) वळवा. बहुतेक सगळ्यांकडे ती पोचल्यावरच मुख्य चॅनल पुढे न्या. इन्स्टॉलरमध्येही हीच तपासणी हवी.

उत्तर ३: सर्व्हरची जुनी एपीआय (ॲप ज्यातून सर्व्हरशी बोलतं ती सोय) लगेच काढू नका, नाहीतर वेगळा चॅनल करूनही जुनं ॲप बंदच पडेल. सपोर्ट बंद होण्याची तारीख ॲपमध्येच दाखवा, आणि ती मार्चअखेरीच्या धांदलीत नको.