‘मोनितो देल मोन्ते’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : चिलीतल्या ‘मोनितो देल मोन्ते’ या प्राण्यासाठी ‘डोंगरी माकड’ असा शब्द वाचला. योग्य आहे का?

कोशवाचक : नाही. स्पॅनिशमध्ये ‘मोनो’ म्हणजे माकड आणि ‘-इतो’ हा लघुत्वाचा प्रत्यय. ‘मोन्ते’ म्हणजे डोंगर, तसेच झाडीझुडपांचे रानही. इथे रानच घ्यावे. शब्दशः ‘रानातले माकडुले’ होईल, पण प्राणी माकड नव्हे. तो शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गोतातला. ‘शिशुधानी’ ही मादीच्या पोटावरची पिशवी. त्यातला ‘धानी’ म्हणजे ‘राजधानी’तलाच. ‘पिशवीवाला’ बोलताना चालेल, लिहिताना ‘शिशुधान’च बरा.

रानवाट : मग ‘रानउंदीर’? दिसतो तर तसाच.

कोशवाचक : तो शब्द थेट कृंतकांत, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत, नेऊन बसवतो. डोके-धड 8 ते 13 सेंटिमीटर, शेपूट साधारण तेवढीच, वजन 16 ते 42 ग्रॅम, म्हणून उंदीर आठवतो खरा. पण गोल आखूड कान, डोळ्यांभोवती काळी कडी आणि फांदीला विळखा घालणारी शेपूट यांचे वर्णन नीट करा. शेपटीला ‘झुबकेदार’ म्हणू नका. ती बुडाशी जाड असते, कारण हिवाळ्यातल्या शीतनिद्रेसाठी चरबी तिथे साठते. टोकाची खालची बाजू बिनकेसांची असते.

रानवाट : अधिवासाला ‘वर्षावन’ पुरेल?

कोशवाचक : एकटा शब्द वाचकाला अ‍ॅमेझॉनला नेतो. ‘समशीतोष्ण वर्षावन’ लिहा : दक्षिण चिली आणि लगतचा अर्जेंटिना, थंड, ओले, वर नोथोफेगसची झाडे, खाली ‘किला’ बांबूची दाटी. तिला ‘बांबूचे बेट’ म्हणायचा मोह होईल, पण हा प्राणी चिलोए बेटावरही राहतो, त्यामुळे एकाच परिच्छेदात घोळ होतो. ‘जाळी’ लिहा. त्याच बांबूच्या पानांचे, आत शेवाळ अंथरलेले गोल घरटे तो जमिनीपासून एक-दोन मीटरवर बांधतो. पाने पाणी आत येऊ देत नाहीत.

पानफूल : ‘किंत्राल’ची फळे खातो म्हणतात. ती अमरवेल का?

कोशवाचक : नाही, बांडगूळ. अमरवेलीला हिरवी पाने नसतात, किंत्रालला असतात. फळातली बी न चावता पोटातून जाते आणि चिकट विष्ठेसह फांदीला चिकटते. बांडगुळाला रुजायला फांदीच लागते. तिथल्या रानात हे काम प्रामुख्याने हाच प्राणी करतो. म्हणून परिच्छेदात ‘बांडगूळ’ हा शब्द हवाच. प्राण्याचे नाव मात्र ‘मोनितो देल मोन्ते’ असेच ठेवा.