‘ओव्हरसाइट’ : देखरेख, पर्यवेक्षण की आणखी काही?

तळटीप
एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय अमेरिकेचा पर्यावरण धोरण कायदा, १९६९ चा ‘नेपा’. मोठ्या प्रकल्पाचा निर्णय घेण्याआधी सरकारी खात्यानं त्याच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल काढायचा असतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा बाहेरचे सल्लागार लिहितात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर प्रकल्पकर्त्यालाही तो तयार करता येतो. मात्र खात्याच्या नजरेखाली, आणि खात्यानं त्याचं स्वतंत्र मूल्यमापन करून मजकुराची जबाबदारी घ्यायची. लेखकानं या सगळ्याला मिळून ‘एजन्सी ओव्हरसाइट’ म्हटलंय. मी ‘खात्याची देखरेख’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘पर्यवेक्षण’ केलं. मला पटत नाहीये.

मास्तर
पर्यवेक्षण अजिबात नको. पर्यवेक्षक म्हणजे दहावीच्या परीक्षेत वर्गात फेऱ्या मारणारा. उत्तर बरोबर की चूक याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, कॉपी झाली नाही म्हणजे मिळवलं. तुमच्या खात्याला पेपर वाचायचाय. बोर्डात परीक्षकानं तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्याला नियामक म्हणतात. मी दोन्ही कामं केलीत. पर्यवेक्षक असताना पाय दुखायचे, नियामक असताना डोकं.

खटपट्या
मग ‘नियमन’ करून टाका.

मास्तर
नियमन म्हणजे आता रेग्युलेशन होऊन बसलंय. तो शब्द गेला हातचा.

शुद्धमती
‘देखरेख’ हिंदीतून आलाय. आपला अस्सल ‘तपासणी’ असताना उसनवारी कशाला?

खटपट्या
अस्सल? ‘तपास’ अरबी ‘तफह्हुस’वरून आलाय.

शुद्धमती
तो मराठीत मुरलाय. फरक आहे.

खटपट्या
‘देखरेख’ मुरायला अजून किती वर्षं लागतील तेवढं सांगून ठेवा, म्हणजे तळटीपताई लेख तोवर थांबवून ठेवतील.

रानवाट
शब्दाआधी काम बघा. आपल्याकडे प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठी २००६ ची अधिसूचना आहे, तिच्याप्रमाणे सल्लागार नेमतो प्रकल्पवाला, त्याला पैसे देतो प्रकल्पवाला. तज्ज्ञ समिती सुरुवातीला अहवालात काय काय अभ्यासायचं ते ठरवून देते. त्यानंतर जनसुनावणी वगैरे होऊन तिच्यापुढे येतो तो थेट अंतिम अहवाल, आणि ६० दिवसांत तिनं काम उरकायचं. मधे पाण्याचे नमुने घेतले जातात, झाडं-पक्षी मोजले जातात (किंवा मोजल्याचं लिहिलं जातं), तेव्हा समितीतलं कुणी बांधावर उभं नसतं. देखरेख काम चालू असताना होते, मुकादम करतो तशी. काम झाल्यावर कागद बघण्याला देखरेख म्हणणं म्हणजे व्यवस्थेला फुकटचं प्रमाणपत्र. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे निघाले होते. देखरेख असती तर कुणीतरी विचारलं असतं, की बाबा, ही झाडं कोकणात कुठं बघितलीस?

तळटीप
पण माझा लेख अमेरिकेबद्दल आहे. तिथं कायद्यातच ‘खात्याच्या देखरेखीखाली’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे काम चालू असताना लक्ष, झाल्यावर मूल्यमापन, शेवटी जबाबदारी. तीन कामांना एक शब्द हवाय मला.

शुद्धमती
मूल्यमापन नव्हे, मूल्यांकन.

मास्तर
मूल्यमापनच. ‘अंकन’ म्हणजे आकडा घालणं. मोजल्याशिवाय आकडा घालतात तो अंकन.

खटपट्या
‘ओव्हरसाइट’चा दुसरा अर्थ नजरचूक होतो हे कुणी बोललंच नाही अजून.

मास्तर
हा विनोद प्रत्येक भाषांतरकार एकदा करतो. झाला तुमचा. पुढे चला.

अर्जदार
‘छाननी’ सुचवतो. छानणे म्हणजे गाळणे, चाळणे. सरकारी मराठीत रुळलेला शब्द आहे.

रानवाट
रुळलाय, पण कशासाठी? निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते तेव्हा सही आहे का, रकाने भरलेत का, हे बघतात. लिहिलेली संपत्ती खरी की खोटी, हे नाही. शिवाय आपल्या अधिसूचनेत घोळ होतो. पहिला टप्पा ‘स्क्रीनिंग’, म्हणजे कुठल्या प्रकल्पाला अहवाल लागेल ते ठरवणं. त्याला छाननी म्हणतात. चौथा टप्पा ‘अप्रेझल’, आणि त्याची व्याख्या मराठीत आणायला गेलं की परत ‘सविस्तर छाननी’च होते. पहिल्या चाळणीतून पडलेलं चौथ्या टप्प्यात परत त्याच चाळणीत!

अर्जदार
मग ‘पडताळणी’. गंमत बघा, जातीच्या दाखल्यांच्या समितीला इंग्रजीत ‘स्क्रूटिनी कमिटी’ म्हणतात आणि मराठीत ‘पडताळणी समिती’. तोच इंग्रजी शब्द निवडणुकीत छाननी झाला, इथं पडताळणी. आणि तिच्याकडे दक्षता पथक असतं, ते गावी जाऊन चौकशी करतं. मला स्वतःला त्या पडताळणीनं जेवढं दमवलंय, तेवढं या सल्लागारांना दमवलं तर पर्यावरण सुखरूप राहील.

रानवाट
हे आवडलं. ‘पडताळा घेणे’ म्हणजे लिहिलेलं मूळ वस्तूशी ताडून बघणं. नुसतं कागदावर भागत नाही.

शुद्धमती
‘सल्लागार’ कुणालाच खटकत नाही का? सल्ला देतो तो सल्लागार. हा तर अख्खा अहवाल लिहितो. ‘अहवालकर्ता’ म्हणा.

खटपट्या
शुद्धमतींशी पहिल्यांदाच सहमत. ‘सल्लागार’ म्हटलं की वाटतं, लिहिणारा दुसराच कुणीतरी आहे आणि हा बाजूला बसून मान डोलावतोय.

तळटीप
छापायला ‘सल्लागार’च लागेल, वाचकाला तोच कळतो. पडताळणी मूल्यमापनाच्या जागी बसेल, पण जबाबदारीचं काय? पडताळणारा मजकूर आपला मानत नाही. खात्याला तर तो आपला मानावा लागतो.

मास्तर
विषय निघालाच आहे तर, रानवाटांनी ‘जनसुनावणी’ लिहिलंय. मराठीत सुनावणे म्हणजे खडसावणे. मग जनांनी सुनावायचं की जनांना सुनवायचं?

रानवाट
मी ज्या दोन-तीन ठिकाणी बसलोय तिथं दोन्ही झालं.

अर्जदार
कोर्टातली ‘सुनावणी’ कितीतरी जुनी आहे, तिथं कोण कुणाला खडसावतं? ‘ऐकणे’वरून काहीतरी हवं होतं खरं.

शुद्धमती
‘लोकश्रवण’.

खटपट्या
कीर्तनाला बसल्यासारखं वाटतंय. त्यापेक्षा ‘गाऱ्हाणं’ काय वाईट आहे? कोकणात तर रोजचा शब्द आहे.

मास्तर
गाऱ्हाणं देवापुढे घालतात. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याला एवढ्या वर बसवू नका.